तालुक्याच्या गावात कलाप्रदर्शन भरवताना: तारीख ठरवण्यापासून हिशेब लावण्यापर्यंत

अजिंठा आणि वेरूळ मराठवाड्यात आहेत. तरीही परतूर, किनवट, भूम किंवा औंढ्याच्या मुलाला खरं चित्र जवळून, ब्रशचे फटकारे दिसतील इतक्या जवळून पाहायला मिळणं अवघडच असतं. त्यासाठी गावातच छोटी कलादालनं हवीत आणि ती उभी राहू शकतात. सार्वजनिक वाचनालयाचा वरचा मजला, शाळेचा चित्रकला वर्ग, नगरपरिषदेचं रिकामं सभागृह, डागडुजी केलेल्या वाड्याची ओसरी, यातलं काहीही चालतं. जागेपेक्षा अवघड असतं ते त्या जागेत माणसं येत राहणं. हा लेख त्याबद्दल आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे प्रदर्शनाचा बहुतेक पैसा आणि बहुतेक उत्साह उद्घाटनात संपतो. फ्लेक्स, हार-तुरे, शाल-श्रीफळ, पाहुण्यांच्या गाडीचं पेट्रोल, नाश्ता. दुसऱ्या दिवशी दालनात एक पोरगा खुर्चीवर मोबाइल बघत बसलेला असतो आणि भिंतीवरची चित्रं एकटी असतात. हाच खर्च आणि हीच धावपळ प्रदर्शनाच्या सगळ्या दिवसांवर वाटून टाकली, तर लहान गावातलं दालन जगतं.

तारीख ठरवताना पंचांगाबरोबर पेरणीही बघा

मुंबई-पुण्याच्या दालनात तारीख म्हणजे बुकिंग मिळेल तो आठवडा. आपल्याकडे तसं चालत नाही. मृगाचा पाऊस पडला की जून-जुलैत माणूस पेरणीत असतो. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ज्या प्रदर्शनात तुम्हाला त्या घरांतल्या बायका हव्यात, ते डिसेंबरात ठेवून उपयोग नाही. त्या तेव्हा कारखान्याच्या पट्ट्यात असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, म्हणून शाळा मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

मग उरतं काय? बरंच उरतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंतचा काळ सर्वात चांगला. हवा कोरडी, शाळा सुरू, हातात थोडा पैसा आलेला. दुसरा काळ पोळ्यापासून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनापर्यंतचा, म्हणजे १७ सप्टेंबरच्या आगेमागेचा. पिकं उभी असतात, कामाला थोडी उसंत असते आणि गावात सणाचं वातावरण असतं. उन्हाळ्यात भरवायचंच असेल तर वेळ बदला. दुपारी दालन बंद ठेवा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ उघडा. सुट्टीला गावी आलेली मंडळी जेवण उरकून, पोराबाळांना घेऊन येतात.

यात आठवडी बाजाराचा दिवस विसरू नका. बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं गावात असतात आणि परतीच्या एसटीपर्यंत त्यांच्याकडे तासभर मोकळा असतो. प्रदर्शन दहा-बारा दिवसांचं ठेवलंत तर दोन बाजार त्यात सापडण्याची शक्यता असते. तारखा ठरवताना तेवढं जुळवून घ्याच. पहिल्या बाजाराला आलेला माणूस गावात जाऊन सांगतो आणि दुसऱ्या बाजाराला शेजाऱ्याला घेऊन येतो. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला ही संधी मिळतच नाही. बाजाराच्या दिवशी दालनाबाहेर पिण्याच्या पाण्याचा जार आणि पिशव्या ठेवायला एक बाकडं असू द्या. हातात भाजीची पिशवी असलेला माणूस आत यायला संकोचतो.

विषय गावातून काढा

बाहेरच्या नामवंत चित्रकाराची चित्रं आणणं ही चांगलीच गोष्ट आहे, वर्षातून एकदा जरूर आणा. पण दालनाची ओळख गावातल्या कामातून होऊ द्या. चार विषय सुचवतो. चारही कुठल्याही तालुक्याच्या गावाला जमण्यासारखे आहेत.

पहिला विषय पेंटर लोकांचा. फ्लेक्स येण्याआधी दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सिनेमाचे बोर्ड, सगळं हातानं रंगवलं जायचं. ते काम करणारे हात अजून गावात आहेत. कुणी घरांना रंग देतं, कुणी किराणा दुकान चालवतं. त्यांचे जुने ब्रश, नमुन्यांच्या वह्या, उरलेल्या पाट्या गोळा करा आणि मुख्य म्हणजे त्यांना दालनात बसवून एक पाटी रंगवायला लावा. दोऱ्याला खडूची भुकटी लावून रेघ कशी मारतात, अक्षराची जाडी ब्रश न उचलता कशी सांभाळतात, हे बघण्यासारखं असतं. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांच्या अभ्यासात अक्षरलेखन असतं. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या पोरांना गावातलाच माणूस ते शिकवू शकतो. कलाशिक्षकांना हे आधी सांगितलं की ते वर्गच्या वर्ग घेऊन येतात. या माणसांना मानधन द्या. सत्काराच्या शालीचे पैसे वाचवा, पण दिवसभराच्या मजुरीहून कमी रक्कम त्यांच्या हातात ठेवू नका.

दुसरा विषय गोधडीचा. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात ती आहे आणि प्रत्येकीत त्या घरची धोतरं, लुगडी, झबली टाक्यांत बसलेली आहेत. किनवट, कंधार, परळी, जिंतूर या भागांत तांड्यांवर गेलात तर बंजारा भरतकाम मिळेल. भिंगं, कवड्या, फेटिया (घागरा), कांचळी (चोळी). इथे एक नियम कडक पाळा. वस्तूखाली ती करणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि साधारण वर्ष लिहायचं. ‘पारंपरिक गोधडी, मराठवाडा’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही. ज्या कामाखाली नाव असतं ते काम बघायला त्या नावाची सगळी भावकी येते. आणि नाव लिहिणं हा त्या बाईचा हक्कच आहे. कापडावरच्या कामाला आपल्याकडे केवढा जुना मान आहे हे दाखवायचं असेल, तर अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांच्या पासोडीचं छायाचित्र आणि माहिती सुरुवातीला लावता येईल. त्यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तावरचा ग्रंथ लांबलचक कापडावर उतरवला, हे आपल्याच भागातल्या अनेकांना माहीत नसतं.

तिसरा विषय जुन्या छायाचित्रांचा. गावातले फोटो स्टुडिओ, घरोघरचे अल्बम, शाळेतले वर्गाचे फोटो. मूळ फोटो भिंतीवर लावू नका. चांगल्या स्कॅनरवर निदान सहाशे डीपीआयला स्कॅन करा, छापील प्रती लावा आणि मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत करा. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि खाली दोरीनं पेन्सिल बांधलेली वही ठेवा: ‘फोटोत कोण आहे, कुठला प्रसंग आहे, लिहा.’ म्हातारी माणसं तासन्‌तास उभी राहतात. त्यांच्यासाठी खुर्च्या लागतीलच. लोहारा, उमरगा, औसा, निलंगा भागात असं प्रदर्शन भरवणार असाल, तर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप त्यात येणारच. तिथे घाई करू नका. गेलेल्या माणसांचे फोटो लावण्याआधी त्या-त्या घरी जाऊन विचारा, मलबा आणि मृतदेहांची वर्तमानपत्री छायाचित्रं टाळा. भूकंपाआधीच्या गल्ल्या, वाडे, लग्नं, वेशी लावा. लोकांना जे हरवलं ते बघायचं असतं.

चौथा विषय अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचा. हा मला मनापासून आवडतो, कारण खर्च थोडा आणि गोष्ट जबरदस्त आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं लेण्यांपाशी पोचला. पुढे १८४४ पासून लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं तिथे राहून मोठ्या आकारात नकला केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली, तेव्हा त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार इथे येऊन राहिले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी लेण्यांच्या जतनासाठी आणि छपाईसाठी मोठं काम केलं, सय्यद अहमद यांनी इथे नकला केल्या. ही सगळी माणसं, दोन आगी, एक नकाशा आणि पंधरा-वीस उत्तम छापील चित्रं एवढ्यावर प्रदर्शन उभं राहतं. शेजारी मुलांनी केलेल्या नकला लावा. मुलांना कळतं की नक्कल हेही बघण्याचं, शिकण्याचं आणि वाचवण्याचं काम आहे.

जुन्या वस्तू गोळा करताना कायद्याचं भान ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. शेतात नांगरताना सापडलेली मूर्ती कुणी घेऊन आलं तर ती दालनात ठेवून घेऊ नका. तहसील कार्यालयाला आणि पुरातत्त्व विभागाला कळवायला लावा. तुमचं प्रदर्शन संपेल, पण सापडल्या जागेची नोंद झाली नाही तर त्या वस्तूचा अर्धा इतिहास कायमचा जातो. आणि निराशही होऊ नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसानं जमवलेल्या वस्तूंवर उभं आहे. खेड्यातल्या माणसाच्या नजरेतून केवढं काम होऊ शकतं, हे बघायला मुलांना तिथे एकदा घेऊन जा.

एक पान करार आणि एक पावती

ओळखीचा माणूस आहे, लिहून काय घ्यायचं, असं वाटतं. उलट ओळख टिकावी म्हणूनच लिहायचं. चित्रकाराशी एक पानाचा करार पुरतो. प्रदर्शनाच्या तारखा, चित्रांची यादी, प्रत्येकाची किंमत, ने-आणीचा खर्च कुणाचा, फ्रेमचा खर्च कुणाचा, विक्री झाली तर दालनाचा वाटा किती, पैसे किती दिवसांत द्यायचे, नुकसान झालं तर काय, आणि प्रसिद्धीसाठी चित्रांचे फोटो वापरायला परवानगी. चित्र विकत घेतल्यानं त्याचे छपाईचे हक्क आपोआप मिळत नाहीत. लेखी दिल्याशिवाय ते चित्रकाराकडेच राहतात. गावातल्या शोरूमवाल्यानं विकत घेतलेलं चित्र उद्या कॅलेंडरवर छापू नये, म्हणून ही ओळ विक्रीच्या पावतीवरही लिहा.

घरोघरून आणलेल्या वस्तूंसाठी दोन प्रतींची पावती करा. वस्तूचं वर्णन, आधीपासून असलेले डाग-फाटके, मालकाचं नाव, परत देण्याची तारीख. मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढून तो मालकाला तिथेच पाठवा. याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचे सगळे वाद मिटतात.

दालन चालवणारं मंडळ अजून नोंदलेलं नसेल तर ते काम हाती घ्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली निदान सात सभासद लागतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. नोंदणी झाली की बँकेत खातं उघडतं आणि देणगीची पावती देता येते. गावातल्या सराफाला, आडत्याला, डॉक्टरला पैसे द्यायचे असतात, पण ते कुणा एकाच्या खिशात जाऊ नयेत एवढीच त्यांची अपेक्षा असते.

भिंत, खिळा, उजेड

इथे मी रेंगाळणार आहे, कारण चित्रं नीट लावणं ही लहान दालनाला फुकटात मिळणारी प्रतिष्ठा आहे. महागडं सभागृह नसलं तरी चालतं. वेडीवाकडी लावलेली चित्रं मात्र कुणालाही खटकतात.

आधी किती चित्रं लावायची ते ठरवा. समजा खोली वीस फूट बाय तीस फुटांची आहे. चारी भिंती मिळून शंभर फूट. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड यांचे वीस फूट वजा करा, राहिले ऐंशी. चित्र सरासरी दोन फूट रुंद आणि दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळी भिंत धरली, तर साधारण बावीस चित्रं बसतात. चित्रकार पन्नास घेऊन येतो आणि सगळी लावण्याचा आग्रह धरतो. त्याला हा हिशेब कागदावर दाखवा. उरलेली चित्रं टेबलावर फाइलमध्ये ठेवता येतात किंवा सहाव्या दिवशी अर्धी बदलता येतात. बदलली तर लोकांना दुसऱ्यांदा यायला कारणही मिळतं.

उंचीचा नियम सोपा आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटीमीटरवर यायला हवा. लहान-मोठी सगळी चित्रं याच मध्यरेषेवर. खिळा कुठे ठोकायचा त्याचं गणित असं: ५७ अधिक चित्राच्या उंचीचा अर्धा भाग, वजा मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं अंतर. चित्र २४ इंच उंच आहे आणि तार ३ इंच खाली येते, तर ५७ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६६ इंचांवर खिळा. मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन असेल तर मध्यरेषा ४८ इंचांवर आणा, कारण बघणारीही मुलंच असतात.

जुन्या इमारतीत फरशी सरळ असेलच असं नाही. म्हणून फरशीपासून दर वेळी मोजू नका. एकदा मापून गवंड्याच्या नळीच्या पाणसळीनं चारी भिंतींवर समान उंचीच्या खुणा करा आणि त्यांवरून दोरा ताणा. मग मोजायचं ते दोऱ्यापासून. गावातला कुठलाही गवंडी हे अर्ध्या तासात करून देतो. त्याला बोलवा, तो पुढे प्रदर्शनाला घरच्यांना घेऊन येईल.

माळवदाच्या वाड्यातल्या मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही आणि ठोकला तर पोपडे पडतात. तिथे वर तुळयांना लोखंडी पाइप बांधा आणि पाइपवरून साखळी किंवा जाड नायलॉन सोडा. सिमेंटच्या भिंतीत ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी बसवा. प्रत्येक चित्राला दोन ठिकाणी आधार दिला तर पंख्याच्या वाऱ्यानं ते तिरकं होत नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे छोटे तुकडे चिकटवा. चित्र भिंतीपासून थोडं सुटं राहतं, हवा खेळते, ओल आणि वाळवी लागत नाही. पावसाळ्यात हे फार गरजेचं असतं.

गोधडीला खिळे मारायचे नाहीत, क्लिपाही लावायच्या नाहीत. मागच्या बाजूला वरच्या कडेला मांजरपाटाची चार इंच रुंद पट्टी शिवून नेफा करा आणि त्यातून बांबू किंवा पाइप घाला. वजन सगळ्या लांबीवर वाटलं जातं आणि टाके ताणत नाहीत. आणलेली गोधडी आधी दोन दिवस सावलीत हवेशीर टाकून, झटकून, शिवणीत किडे नाहीत ना ते बघून मगच आत न्या.

कागदावरच्या चित्रांचं माउंटिंग करताना सेलोटेप वापरू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात कायमचा उतरतो. मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागदाच्या पट्ट्या लावून चित्र फक्त वरच्या कडेला टांगा. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटबोर्डाची जाडी असलीच पाहिजे, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो.

उजेडाचं म्हणाल तर ट्यूबलाइटनं खोली उजळते, चित्र उजळत नाही. छताला वरून साधारण तीस अंशांच्या कलानं एलईडी स्पॉट लावा. खोक्यावर सीआरआय हा आकडा बघा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप), तो नव्वद किंवा जास्त हवा. दुकानातच लाल, पिवळं आणि निळं कापड दिव्याखाली धरून बघा. रंग मळकट दिसले तर तो दिवा घेऊ नका. कापड आणि कागदासाठी पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास, तैलरंगांसाठी दोनशे लक्सपर्यंत उजेड पुरतो. मोबाइलच्या अ‍ॅपवर अंदाज येतो. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन चित्रांचा मोठा शत्रू आहे. तिथे दुहेरी मांजरपाटाचे पडदे लावा. वीज जाणार हे धरूनच चाला आणि निदान अर्धे दिवे इन्व्हर्टरवर घ्या.

चित्राखालची चिठ्ठी

नाव, गाव, माध्यम, वर्ष, आकार आणि त्यापुढे दोन-तीन वाक्यं. अक्षरं अठरा पॉइंटांहून लहान नकोत. चष्मा घरी राहिलेल्या माणसालाही वाचता आलं पाहिजे. या वाक्यांत ‘अमूर्ततेतून साकारलेलं चैतन्य’ वगैरे लिहू नका. बघणाऱ्याला डोळा कुठे न्यायचा ते सांगा. एका गोधडीखाली असं लिहिता येईल: ‘मधला हिरवा चौकोन लग्नातल्या शालूचा आहे. कडेची पांढरी पट्टी सासऱ्यांच्या धोतराची. टाके बाहेरून आत, गोलाकार घातले आहेत. डावा कोपरा दुसऱ्या हातानं शिवला आहे, फरक शोधा.’ हे वाचलं की माणूस वाकून बघतोच.

मराठवाड्यातल्या बऱ्याच शहरांत, बीड, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, उर्दू वाचणारी मोठी वस्ती आहे. चिठ्ठ्या मराठीबरोबर उर्दूतही लावा. उर्दू शाळेतले शिक्षक आनंदानं लिहून देतात आणि त्या शाळा पहिल्यांदा दालनात येतात. तांड्यावरच्या कामाचं प्रदर्शन असेल तर वस्तूंची नावं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत लिहा.

आमंत्रण आणि उद्घाटन

एक फ्लेक्स एसटी स्टँडजवळ, एक दालनापाशी, बस झालं. बाकीचं काम व्हॉट्सअ‍ॅप, नगरपालिकेच्या घंटागाडीवरची घोषणा आणि तोंडी निरोप करतात. सर्वात जास्त माणसं तोंडी निरोपावर येतात, म्हणून ज्यांच्या वस्तू लावल्या आहेत त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण द्या. गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापकांना मात्र पंधरा दिवस आधी लेखी पत्र हवं, कारण शाळेबाहेर मुलं न्यायची तर त्यांना कागद लागतो.

उद्घाटन ज्यांचं काम भिंतीवर आहे त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हातून करा. मान्यवर येत असतील तर आदरानं बोलवा, पुढे बसवा, पण भाषणं तीनच आणि सगळी मिळून अर्धा तास. खुर्च्या दालनाच्या बाहेर मांडा, आत एकही नको. समईही बाहेरच, कापड आणि कागदापासून लांब. सत्कार करायचा तर रंगांची पेटी, चांगले ब्रश किंवा स्केचबुक द्या. चहाचे कप आत नेऊ देऊ नका, त्यासाठी दारात एक टेबल ठेवा. लाउडस्पीकर असेल तर रात्री दहाच्या आत बंद.

मधले दिवस

आता खरं काम. रोज एक गोष्ट घडली पाहिजे, छोटी का होईना, आणि त्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी दारावर लावायचं.

सकाळ शाळांची. एका वेळी तीसच मुलं. शंभर मुलांची रांग आत सोडली तर ती एका दारातून येऊन दुसऱ्या दारातून जातात आणि काहीच बघत नाहीत. तीस मुलांना आधी बाहेर सतरंजीवर बसवा आणि एकच काम द्या: ‘तुला घरी न्यावंसं वाटेल असं एक चित्र निवड आणि का ते सांग.’ मग आत जाऊ द्या. नंतर एका चित्रासमोर सगळ्यांना बसवून दहा मिनिटं फक्त तेवढंच बघायचं. ‘काय दिसतंय?’ हा प्रश्न आधी, ‘का वाटतंय?’ हा नंतर. उत्तर सांगायची घाई करू नका. मुलं स्वतःहून सावली कुठून पडली ते शोधतात, रंग मोजतात, चित्रातला माणूस कुणावर रागावलाय यावर वाद घालतात. आत चित्र काढायचं तर पेन्सिलीनं. पाण्याचे रंग अंगणात. जिल्हा परिषदेच्या लांबच्या शाळांना गाडीखर्च परवडत नाही. उद्घाटनाचे जे पैसे वाचले त्यातून एक टेंपो ठरवा. माझ्या मते संपूर्ण प्रदर्शनात याहून चांगला खर्च नाही.

दुपार बायकांची. घरची कामं उरकल्यावर एक ते चारची वेळ त्यांना मोकळी मिळते. गोधडीच्या प्रदर्शनात एक अर्धवट गोधडी सतरंजीवर अंथरून ठेवा, सुई-दोरा ठेवा आणि येणारीला चार टाके घालायला सांगा. गप्पा सुरू होतात, जुन्या टाक्यांची नावं निघतात, ती वहीत उतरवून घ्या. प्रदर्शन संपेपर्यंत गोधडी पूर्ण होते आणि खाली सगळ्यांची नावं लिहून ती दालनाच्या संग्रहात ठेवता येते. या वेळेत दालनात एखादी बाई कार्यकर्ती असलीच पाहिजे, नुसती पुरुषमंडळी बसली असतील तर बायका उंबऱ्यावरून परत जातात.

संध्याकाळी एखादा कार्यक्रम. चित्रकाराचं प्रात्यक्षिक, गावातल्या जाणत्यानं जुन्या वास्तूंवर बोलणं, एखाद्या दिवशी भारूड. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात शिकणारं किंवा शिकून आलेलं तुमच्या तालुक्यातलं कुणीतरी असतंच. त्याला बोलवून पालकांशी गाठ घालून द्या. ‘चित्रकला शिकून पुढे काय?’ हा प्रश्न पालकांच्या मनात असतो आणि त्याचं उत्तर आपल्याच गावचं पोरगं सर्वात चांगलं देतं. कार्यक्रम तासाभराचा ठेवा आणि वेळेवर सुरू करा. खेड्यावरून आलेल्यांची शेवटची गाडी चुकता कामा नये.

अभिप्रायाच्या वहीत ‘प्रदर्शन छान आहे, शुभेच्छा’ एवढंच येतं. पानावर वर प्रश्न छापून ठेवा: कोणतं काम आवडलं? तुमच्या घरी असं काही आहे का? पुढे काय बघायला आवडेल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून पुढच्या दोन-तीन प्रदर्शनांचे विषय मिळतात, म्हणून लिहिणाऱ्याचा फोन नंबर तेवढा घेऊन ठेवा.

किमतीबद्दल लाजू नका. चित्र विकायला असेल तर किंमत चिठ्ठीवर किंवा टेबलावरच्या यादीत स्पष्ट लिहा. विचारायला संकोच वाटतो म्हणून कितीतरी गिऱ्हाइकं निघून जातात. मोठ्या चित्रांबरोबर छोटी रेखाटनं आणि छापील कार्डं ठेवा, शिक्षकाला किंवा दुकानदाराला सहज घेता येतील अशी. विकलेल्या चित्रावर लाल ठिपका लावायचा, पण चित्र शेवटच्या दिवसापर्यंत हलवायचं नाही.

उतरवणं आणि परत पाठवणी

शेवटच्या संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी उजेडात उतरवा. करारातल्या यादीप्रमाणे एकेक वस्तू तपासा, आणतानाचे फोटो समोर ठेवा. चित्रं समोरासमोर तोंड करून, मध्ये पुठ्ठा घालून, उभी न्या. टेंपोत आडवी रचली तर खडबडीत रस्त्यावर काचा फुटतात. गोधड्या घडी न घालता पाइपवर गुंडाळा. घरोघरच्या वस्तू स्वतः नेऊन द्या, पावतीवर सही घ्या आणि प्रदर्शनात त्या वस्तूसमोर उभ्या असलेल्या लोकांचा एक फोटो सोबत द्या.

भिंतीतली भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवा, जागा घेतली होती त्याहून चांगली करून परत करा. सगळ्या चिठ्ठ्या, फोटोंच्या वहीतल्या नोंदी, टाक्यांची नावं आणि भिंतींचे फोटो एका फाइलमध्ये लावून एक प्रत वाचनालयात ठेवा, एक पेन ड्राइव्हवर. चित्रकारांचे आणि पेंटर मंडळींचे पैसे आठवड्याच्या आत चुकते करा. आणि जमा-खर्चाचा कागद, देणगीदारांच्या नावांसकट, महिन्याच्या आत दालनाच्या दारावर लावा.